घर आधी, रस्ता नंतर, शाळा कधीतरी

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी नगररचनाकार नाही आणि वकीलही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. राहतो कोंढव्यात, नोकरी खराडीला. मला या विषयावर बोलायला सांगितलं त्याचं कारण एवढंच, की गेली काही वर्षं मी आमच्या भागाचे नकाशे, आरक्षणं आणि बांधकामाचे नियम वाचत आलोय. इंजिनिअर माणसाला कुठलीही गोष्ट नीट चालत नसली की आत उघडून बघायची सवय असते. मी तेवढंच केलं.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. एखादी यंत्रणा हजार लोकांसाठी बांधली असेल आणि त्यावर दहा हजार लोक येणार असतील, तर आधी तिची ताकद वाढवायची आणि मग दार उघडायचं. आपल्या शहरांत याच्या बरोबर उलट चालतं. आधी दहा हजार लोक राहायला येतात, मग त्यांतले काहीजण मोर्चा काढतात, मग टेंडर निघतं. तोपर्यंत पुढचे दहा हजार आलेले असतात.

आज तीन प्रश्नांवर बोलतो. हे असं का होतं? ते थांबवायचं म्हणजे बांधकामच थांबवायचं का? आणि आपण, या खोलीत बसलेले लोक, काय करू शकतो?

कोंढव्याचा हिशेब

कोंढवा खुर्द आणि कोंढवा बुद्रुक ही गावं १९९७ साली पुणे महापालिकेत आली. त्या वेळी शहराच्या कडेची अनेक गावं एकदम आत घेतली होती, पुढे काही वगळली आणि २३ राहिली. महापालिकेत आलो म्हणजे रस्ते, पाणी, शाळा येणार असं लोकांना वाटलं, आणि ते वाटणं चूक नव्हतं. पण या गावांच्या विकास आराखड्याला राज्य सरकारची मंजुरी मिळाली २००८ साली. म्हणजे मधली अकरा वर्षं इथे रस्ता कुठून जाणार, शाळेची जागा कोणती, दवाखाना कुठे, हे ठरवणारा मंजूर नकाशाच नव्हता.

त्या अकरा वर्षांत माणसं थांबली का? नाही थांबली, आणि थांबणं शक्यही नव्हतं. भवानी पेठ, नाना पेठ, गंज पेठ, घोरपडे पेठ, कॅम्प इथल्या दोन खोल्यांत तीन-तीन भावांचे संसार होते. लग्नं झाली, पोरं झाली, जागा लागली. शहरात इतरत्र घर शोधायला गेलं की नाव ऐकल्यावर ‘फ्लॅट आत्ताच गेला’ हे उत्तर मिळतं. ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलेलं आहे, त्यावर मी जास्त बोलत नाही. मुद्दा असा, की ज्याला चार दिशांनी जाता येत नाही तो एकाच दिशेला जातो. कौसरबाग, मिठानगर, शिवनेरीनगर अशाच भरत गेल्या. कुणी रीतसर सोसायटीत घर घेतलं, कुणी दोन गुंठे घेऊन त्यावर बांधलं. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत पुढे, डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत आणली. त्या कायद्याने घराला कागद मिळू शकतो. पण दोन घरांच्या मधला दहा फुटांचा बोळ कागदाने रुंद होत नाही.

त्यात कोंढव्याची भौगोलिक अडचण आहे. शहराकडच्या बाजूला लष्कराची मोठी हद्द आहे. त्यामुळे बाहेर पडायचे रस्ते मोजकेच. लुल्लानगरकडे जा, एनआयबीएमकडून वानवडीला उतरा, नाहीतर खडी मशीन चौकातून कात्रजला. सकाळी ज्योती हॉटेल चौकात उभे राहिलात तर कळेल, सगळ्या गल्ल्यांचं पाणी एकाच नळाला आलेलं आहे.

आता कात्रज-कोंढवा रस्ता घ्या. हा रस्ता आखलाय ८४ मीटर रुंदीचा. २०१८ साली काम दिलं गेलं. काम सुरू झालं तेव्हा लागणारी सगळी जमीन ताब्यात नव्हती. मालकांना मोबदला रोख हवा होता, महापालिका टीडीआर देऊ पाहत होती, आणि घोडं तिथेच अडलं. शेवटी रुंदी ५० मीटरवर आणली आणि त्यासाठीही राज्य सरकारकडे पैसे मागावे लागले. या सगळ्या काळात रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती मात्र उभ्या राहत होत्या. डंपर, टँकर, शाळेच्या व्हॅन, दुचाकीवर पुढे-मागे मुलं बसवलेले आई-बाप, सगळे त्याच अर्धवट रस्त्यावर. तिथले अपघात तुम्हाला मी सांगायला नकोत.

पुढच्या गावांतही तेच. उंड्री २०१७ साली महापालिकेत आली, पिसोळी ३० जून २०२१ ला आणखी २२ गावांबरोबर. या २३ गावांचा आराखडा महापालिकेने करायचा की पीएमआरडीएने, यावरच आधी वाद झाला. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रारूप आराखडा जाहीर केला, त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी तो आराखडाच रद्द झाला. १९९७ ते २००८ ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नका. ती आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर, पुढच्या गावात पुन्हा चाललेली आहे.

नियम काय बघतो आणि काय बघत नाही

आता थोडं तांत्रिक बोलतो, पण सोपं करून.

मुंबई वगळता महाराष्ट्राच्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू झाली, तिला यूडीसीपीआर म्हणतात. त्यात किती बांधता येईल हे मुख्यतः प्लॉटसमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. दाट गावठाण सोडलं तर मूळ एफएसआय १.१०. म्हणजे हजार चौरस मीटर जमिनीवर अकराशे चौरस मीटर बांधकाम. समोरचा रस्ता रुंद असेल तर पैसे भरून आणि टीडीआर विकत घेऊन हा आकडा वाढत जातो आणि ३० मीटरच्या रस्त्यावर ३ पर्यंत पोचतो.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. रुंद रस्ता, जास्त घरं. पण नियम बघतो तो तुमच्या फाटकासमोरचा रस्ता. तोच रस्ता पाचशे मीटर पुढे जाऊन कुणाच्या तरी भिंतीवर अडतो, किंवा पुढे सात मीटरचा होतो, याचा हिशेब त्या कोष्टकात नाही. त्याच रस्त्यावर आधीच बारा इमारती आहेत, याचाही नाही. प्रत्येक प्लॉट स्वतंत्र तपासला जातो आणि प्रत्येक प्लॉट पास होतो. सगळे मिळून नापास होतात, पण सगळ्यांना मिळून तपासणारी खिडकीच नाही.

शाळेचं घ्या. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय, की दर ५००० लोकवस्तीला एक प्राथमिक शाळा हवी आणि तिला ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जागा हवी. आता समजा, एका रस्त्यावर चारशे-चारशे फ्लॅटचे तीन प्रकल्प आले. घरटी साडेचार माणसं धरली तर एका प्रकल्पात अठराशे, तिन्हींत मिळून पाच हजार चारशे. एका प्राथमिक शाळेची गरज तयार झाली. एक एकर जागा पाहिजे.

ती कोण सोडणार? नियमावलीत मोठ्या भूखंडाला सार्वजनिक सुविधांसाठी काही जागा सोडावी लागते. पण हे बंधन सुरू होतं २० हजार चौरस मीटरपासून, म्हणजे पाच एकरांच्या जवळपास. पुण्यात पूर्वी ही मर्यादा कितीतरी खाली, एकरभराच्या आसपास होती. आपले तीन प्रकल्प प्रत्येकी तीन-साडेतीन एकरांवर बसतात. मग तिघांनी मिळून सोडायची जागा किती? शून्य. कुणी कायदा मोडला का? कुणीच नाही. पाच हजार माणसं आली, शाळेची जागा आली नाही आणि सगळी कागदपत्रं चोख आहेत.

मग उरतं ते विकास आराखड्यातलं शाळेचं आरक्षण. नकाशावर ते असतं. आरक्षण म्हणजे महापालिकेने सांगितलेलं असतं, की ही जमीन आम्ही शाळेसाठी घेऊ. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा, १९६६ यात कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत महापालिकेने जमीन घेण्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. मालकाच्या बाजूने बघितलं तर हे न्याय्य आहे. कुणाची जमीन तुम्ही जन्मभर नुसती अडवून ठेवू शकत नाही. पण आपल्या बाजूने बघा. २००८ ला मंजूर झालेल्या आराखड्याची दहा वर्षं २०१८ ला भरली. त्यानंतरचा प्रत्येक दिवस हा शाळा, मैदान किंवा दवाखाना नकाशावरून पुसला जाण्याची शक्यता असलेला दिवस आहे. आणि ही बातमी पेपरात येत नाही. एके दिवशी तिथे पत्रे लागतात आणि फ्लॅटच्या बुकिंगचा बोर्ड लागतो, तेव्हा आपल्याला कळतं.

पैशांचंही सांगतो. बांधकामाची परवानगी घेताना बिल्डर विकास शुल्क भरतो, प्रीमियम भरतो. तो ते शेवटी तुमच्या-माझ्या फ्लॅटच्या किमतीतच धरतो, म्हणजे पैसे आपलेच. पण ज्या रस्त्यावर इमारत उभी राहिली त्याच रस्त्यावर ते खर्च झाले पाहिजेत, असं नाही. ते शहराच्या मोठ्या पिशवीत जातात. पिशवीतून कुणाकडे किती जाईल हे मग कोण किती जोरात बोलतं यावर ठरतं. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासक होते, नगरसेवक नव्हते. त्या काळात तर बोलायचं कुणाकडे हाच प्रश्न होता.

याची किंमत कोण देतं

रस्ता कमी पडला तर माझ्यासारख्या माणसाचे दिवसाचे दोन तास जातात. वाईट आहे, पण मी गाडीत बसून फोनवर मीटिंग करतो, निभावतो. शाळा कमी पडली तर किंमत वेगळ्याच माणसाला मोजावी लागते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. आमच्या भागात खासगी शाळा कमी नाहीत. ज्याला फी परवडते त्याचं भागतं. ज्याला परवडत नाही, त्याला महापालिकेची मराठी, उर्दू किंवा इंग्रजी माध्यमाची शाळा लागते, आणि ती घरापासून लांब असेल तर मधला रस्ता लागतो. इथे दोन्ही प्रश्न एक होतात. फूटपाथ नसलेल्या, डंपर धावणाऱ्या रस्त्यावरून अकरा वर्षांच्या मुलीला एकटीला पाठवायला आई तयार होत नाही. मुलगा जातो, मित्रांबरोबर, कसाबसा. मुलीचं मात्र सातवी-आठवीनंतर ‘बघू’ होतं. मग आपण सभांमध्ये आपल्या समाजात मुलींच्या शिक्षणाची आस्था नाही अशी चर्चा करतो. काही घरांत आस्था नसेलही. पण ज्या घरांत आस्था आहे तिथेसुद्धा मधला दीड किलोमीटर मुलीला हरवतो. मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक माणसाने फूटपाथबद्दल बोललं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बांधकामच बंद करायचं का?

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, पुरे झालं, आता नवीन परवानग्या थांबवा. मोठ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा सूर रोज असतो. त्यात मला एक गंमत दिसते. आपलं घर ही शेवटची योग्य इमारत आणि त्यानंतरची पहिली अयोग्य, असं प्रत्येकाला वाटतं.

जगात हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यात रामापो नावाचं गाव आहे. तिथे १९६९ साली नियम केला, की नवी घरं बांधायची तर गुण मिळवावे लागतील. सांडपाणी, पावसाच्या पाण्याचा निचरा, शाळा आणि मैदानं, रस्ते, अग्निशमन या पाच गोष्टी जवळ असतील तसे गुण. पंधरा गुण झाले तर परवानगी, नाहीतर थांबा किंवा सुविधा स्वतः बांधा. सोबत गावाने अठरा वर्षांचा कार्यक्रम दिला, की कोणत्या वर्षी कुठे काय बांधू. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम मान्य केला. त्याचं कारण महत्त्वाचं आहे. गावाने नुसतं ‘नाही’ म्हटलं नव्हतं, ‘कधी’ ते सांगितलं होतं.

तरीही टीका झाली, आणि ती आपण नीट ऐकावी अशी आहे. असे नियम सुविधांच्या नावाने लागतात आणि गरिबांना, वेगळ्या रंगाच्या माणसांना बाहेर ठेवायला वापरता येतात. ‘आमच्या रस्त्यावर जागा नाही’ या वाक्यात ‘तुमच्यासारख्यांना’ हा शब्द लपवता येतो. आपल्याला हा शब्द ऐकायची सवय आहे, म्हणून आपण तर जास्तच सावध असलं पाहिजे.

दुसरं उदाहरण वॉशिंग्टनला लागून असलेल्या माँटगोमेरी काउंटीचं. तिथे १९७३ पासून पुरेशा सुविधांचा कायदा आहे. शाळा ठरावीक मर्यादेपलीकडे भरली की त्या भागात नवीन घरांची परवानगी आपोआप थांबायची. २०२० साली त्यांनी ही आपोआप लागणारी बंदी बहुतेक ठिकाणी काढून टाकली. कारण आकडेवारी तपासल्यावर दिसलं, की वर्ग मुख्यतः नव्या इमारतींमुळे भरत नव्हते. जुन्या घरांतली म्हातारी जोडपी घरं विकून जात होती आणि तिथे मुलंबाळं असलेली कुटुंबं येत होती. बंदी घालून वर्ग रिकामे होत नव्हते, फक्त घरं महाग होत होती. मग त्यांनी पद्धत बदलली. शाळा भरलेल्या भागात बांधायचं तर बिल्डरने जास्त पैसे भरायचे.

आपल्याकडेही बंदी झालेली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये कचराभूमीच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईत नवीन बांधकामांना मनाई केली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटींवर उठवली. न्यायालयावर ही वेळ आली, कारण आधीच्या कुठल्याच पायरीवर कुणी ‘थांबा, क्षमता मोजू’ म्हटलं नव्हतं.

बंदीचा सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. रीतसर घर बांधणं अवघड केलं की माणसं घराशिवाय राहत नाहीत, ती बेकायदा घरात जातात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. बेकायदा इमारत, काही महिन्यांत चढवलेले मजले, वरच्या मजल्यांचं काम चालू असतानाच खाली राहायला आलेली माणसं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून मुंब्र्याकडे गेलेल्या कुटुंबांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. मागणी प्रचंड, रीतसर घरं महाग किंवा बंद, मग कुणीतरी स्वस्तात मजले चढवून देतो. म्हणून मी बांधकाम बंद करा असं कधीच म्हणणार नाही. आपल्याला घरांची गरज आहे, आणि ती परवडणारीही हवीत, सुरक्षितही हवीत.

माझी मागणी तीन ओळींची आहे. एक, परवानगी देताना फक्त फाटकासमोरचा रस्ता बघू नका. मुख्य रस्त्यापर्यंतचा पूर्ण रस्ता आणि त्या परिसरातल्या शाळेचे वर्ग मोजा. दोन, कमी पडत असेल तर ‘नाही’ म्हणू नका, टप्पे पाडा. इतकी घरं आत्ता, उरलेली रस्ता जोडला गेल्यावर. तीन, त्या परिसरातून आलेल्या विकास शुल्काचा ठरावीक वाटा त्याच परिसरात, नाव घालून, तारीख घालून खर्च करा. आणि छोट्या प्लॉटना जागा सोडणं शक्य नसेल तर त्यांच्याकडून पैसे घ्या आणि त्यातून शाळेची एक एकर जागा विकत घ्या. घर थांबत नाही, शाळाही हरवत नाही.

आपण काय करायचं

आता कामाचं बोलू. मोर्चे आपल्याला येतात. नकाशा वाचायची सवय मात्र आपल्याला नाही, आणि शहराचे खरे निर्णय नकाशावर होतात.

पहिलं काम. आपापल्या भागाच्या विकास आराखड्याचा भाग नकाशा मिळवा. महापालिकेत अर्ज करून, शुल्क भरून तो मिळतो. त्यावरची आरक्षणं एकेक करून प्रत्यक्ष जाऊन बघा. चार मुलं-मुली, दोन रविवार, एवढंच लागतं. एक तक्ता करा: आरक्षण क्रमांक, कशासाठी, क्षेत्रफळ, जागेवर आज काय आहे, फोटो, तारीख. तक्ता करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, कुणाला मदत लागली तर मी बसेन.

दुसरं. ज्या आरक्षणांची दहा वर्षं उलटली आहेत, त्यांच्यासाठी माहिती अधिकारात विचारा: कलम १२७ ची नोटीस आली आहे का, कोणत्या तारखेला, महापालिकेने काय केलं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोटीस आलेली असेल तर २४ महिन्यांचं घड्याळ चालू आहे आणि तुम्हाला तारीख माहीत आहे. पत्रे लागल्यावर ओरडण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचं आहे.

तिसरं. नवीन आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी साधारण ३० दिवस असतात. आपण काय करतो? कुणीतरी एक मजकूर लिहितो, त्याच्या पाचशे झेरॉक्स निघतात, मशिदीबाहेर सह्या होतात. सुनावणीत त्या पाचशेची एकच हरकत होते. त्यापेक्षा पन्नास वेगवेगळ्या हरकती द्या. या गल्लीतून अमुक रस्त्याला जोड द्या, या सर्व्हे नंबरवरचं शाळेचं आरक्षण हलवू नका, इथून दवाखाना इतका लांब आहे. आणि सुनावणीला स्वतः जा. हरकत देऊन सुनावणीला न जाणं म्हणजे अर्ज भरून परीक्षेला न बसणं. महिलांनी तर नक्की जावं. शाळेचा रस्ता आणि दवाखान्याचा रस्ता कुणाला पायी तुडवावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

चौथं. चालू असलेल्या शाळेत शिरा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ती शाळेचा विकास आराखडा बनवते. किती समित्यांच्या सभा खरोखर होतात आणि किती रजिस्टरवरच होतात, हे विचारा. वर्ग कमी आहेत हे समितीच्या ठरावात लिहून गेलं तर तो कागद होतो. घरी जेवताना बोललं तर ती तक्रार राहते.

पाचवं, आणि हे तुमच्यातल्या लग्नाच्या, घर घेण्याच्या वयातल्या लोकांसाठी. फ्लॅट बघायला गेलात की सॅम्पल फ्लॅटच्या पडद्यांकडे कमी बघा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर नकाशा बघा. ब्रोशरमधला तो रुंद रस्ता झालाय, ताब्यात आहे की नुसता आखलाय, हे विचारा. जवळच्या महापालिका शाळेपर्यंत चालत जा, सकाळी साडेनऊला त्या चौकात उभे राहा, आणि मग टोकन द्या. शंभर खरेदीदारांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात केली ना, तर बिल्डर स्वतः महापालिकेत जाऊन रस्त्यासाठी भांडेल. त्यांचं वजन तिथे आपल्यापेक्षा जास्त पडतं, ते आपल्या कामाला लावू.

आणि एक शेवटची गोष्ट. हा प्रश्न फक्त आपला आहे असं समजून लढू नका. उंड्री, पिसोळी, महंमदवाडीत सगळ्या जातीधर्मांची माणसं त्याच खड्ड्यात अडकलेली आहेत. वाघोलीला जा, धायरीला जा, लोक हेच बोलताना दिसतील. तुमचा तक्ता तयार असेल तर शेजारच्या सोसायटीतला माणूस तुमच्या नावाकडे नंतर बघेल, आधी तक्त्याकडे बघेल. ज्या शहरात घर द्यायला नाव आडवं येतं, त्याच शहरात रस्त्याच्या प्रश्नावर आपण लोकांबरोबर एका टेबलावर बसू शकतो. या संधीचा फायदा आपल्या शाळेपेक्षाही मोठा आहे, असं मला वाटतं.

२०११ नंतर आपली जनगणना झालेली नाही, त्यामुळे आपण किती आहोत हे महापालिकेलाही नीट ठाऊक नाही. २०२७ च्या जनगणनेत घरोघर मोजणी होईल, तेव्हा एकही घर सुटू देऊ नका. पुढचे वर्ग, पुढचे रस्ते, पुढच्या शाळा त्याच आकड्यांवर ठरणार आहेत.

जाण्याआधी मागच्या टेबलावर कागद ठेवलाय. त्यावर आपल्या भागाचं नाव आणि महिन्यातले कोणते दोन रविवार देऊ शकता ते लिहा. प्रश्न असतील तर आता घेतो.